सावनेरच्या पंचक्रोशीतलं जनरल नॉलेज

पृथ्वीवर सगळ्यांत जास्त असलेलं खनिज कोणतं? स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात या प्रश्नाचं उत्तर फेल्डस्पार असं सापडेल. जमिनीच्या वरच्या कवचापुरतं ते बरोबरही आहे. पण कवच म्हणजे पृथ्वीचा अगदीच पातळ भाग. अख्खी पृथ्वी धरली तर उत्तर बदलतं आणि एक नाव पुढे येतं, जे आपल्यापैकी शंभरातल्या नव्याण्णव जणांनी ऐकलेलं नसतं: ब्रिजमनाइट. पृथ्वीच्या आकारमानाचा सुमारे ३८ टक्के भाग या एकट्या खनिजाचा. ते सुरू होतं साडेसहाशे किलोमीटर खोलीच्या खाली. माणसानं पाडलेलं सर्वांत खोल भोक रशियातल्या कोला द्वीपकल्पावर आहे, ते सव्वाबारा किलोमीटरवरच थांबलं. म्हणजे जे सगळ्यांत मुबलक, तेच हाताला लागत नाही.

आता दुसरा प्रश्न. पृथ्वीच्या पोटात हे खनिज जसं असावं असा अंदाज आहे, त्याच्याशी सर्वांत जवळचं जुळणारा नैसर्गिक नमुना कुठे मिळाला? उत्तर: काटोल, जिल्हा नागपूर. आणि तो खालून वर आलेला नाही, वरून खाली आलेला आहे.

सावनेरच्या अभ्यासिकांमध्ये सकाळपासून रात्रीपर्यंत पोट्टे मान खाली घालून बसलेले असतात. तलाठी, पोलीस भरती, एमपीएससी. त्यांच्या वह्यांत ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, शुक्रावरचा दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा असतो, वोम्बॅट नावाच्या प्राण्याची लेंडी चौकोनी असते. सगळं खरं आहे, मजेचंही आहे. माझी तक्रार एवढीच, की हे सगळं दूरचं आहे. शुक्रावर कोण जाणार बाप्पा? पण एसटीनं किंवा फटफटीवर जाऊन बघता येईल अशा ठिकाणची विज्ञानातली अफलातून माहिती सावनेरच्या चारही दिशांना पडलेली आहे, आणि ती कुणाच्याही वहीत नाही. म्हणून या लेखात ऑक्टोपस पुन्हा येणार नाही.

सुरुवात पश्चिमेपासून करू. तारीख २२ मे २०१२. नवतपा लागायला दोन-तीन दिवस उरलेले. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं, म्हणजे विदर्भातलं शहाणं माणूस कूलरसमोरून उठत नाही ती वेळ. काटोलच्या परिसरात आभाळातून मोठा धडाका ऐकू आला आणि दगड पडले. एक नाही, अनेक. वातावरणात शिरताना मूळ धोंड्याचे तुकडे झाले होते आणि ते रानोमाळ, वस्तीत असे विखुरले. गोळा झालेल्यांपैकी सर्वांत मोठा तुकडा किलोभराचा होता. उल्काश्माला, म्हणजे जमिनीवर पोचलेल्या उल्केला, तो जिथे पडला त्या गावाचं नाव द्यायचा जगभरचा रिवाज आहे. त्यामुळे संत्र्याच्या मंडीसाठी ओळखलं जाणारं काटोल आता उल्काश्मांच्या आंतरराष्ट्रीय नोंदीत एका दगडाचंही नाव आहे.

असा दगड जवळून पाहिला तर पहिली नजर त्याच्या कातडीवर जाते. बाहेरून काळा, जळल्यासारखा. पण ही काळी साल जेमतेम मिलिमीटरभर किंवा त्याहूनही पातळ. जिथे टवका उडालेला असतो तिथे आतला भाग दिसतो: फिकट राखाडी, सिमेंटच्या ढेपेसारखा, आणि त्यात उजेडाला धरलं की बारीक बारीक चकाकणारे धातूचे कण. आकाराच्या मानानं हाताला जड लागतो. चुंबक जवळ नेलं तर ओढ घेतो. ‘आभाळातून पडला म्हणजे लालबुंद असणार’ ही समजूत मात्र चुकीची आहे. कोट्यवधी वर्षं अवकाशाच्या थंडीत काढलेल्या दगडाचा फक्त वरचा थर काही सेकंद वितळतो आणि उडून जातो. वेग मेला की शेवटचे कित्येक किलोमीटर तो साध्या दगडासारखा खाली पडत असतो, वाटेत गारही होतो. सिनेमातल्यासारखी गंजी पेटवायचं काम त्याच्याच्यानं होत नाही.

शास्त्रज्ञांनी काटोलच्या दगडाला ‘एल-६’ वर्गात टाकलं. एल म्हणजे लोखंड तुलनेनं कमी असलेला गट. सहा म्हणजे मूळ घडण उष्णतेनं बरीच बदलून गेलेली. अशा दगडांचं साहित्य सूर्यमाला तयार होतानाचं, साडेचारशे कोटी वर्षांहून जुनं असतं. पण खरी गंमत त्याच्या वयात नाही, त्यातल्या काळ्या बारीक शिरांमध्ये आहे. मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान फिरणारे हे धोंडे कधीकाळी एकमेकांवर आदळले. त्या धडकेच्या क्षणी दगडाच्या काही भागावर आपल्या हवेच्या दाबाच्या सव्वादोन-अडीच लाख पट दाब आला. हा दाब पृथ्वीत कुठे असतो? साडेसहाशे-सातशे किलोमीटर खाली. शिरांमधला दगड वितळला आणि गोठताना त्यात तेच खनिज तयार झालं जे पृथ्वीच्या पोटात त्या खोलीवर असतं. मग सगळं थंड झालं, खनिज तसंच अडकून राहिलं, आणि फार फार काळानं एका दुपारी काटोलला उतरलं.

खरगपूरच्या आयआयटीतले सुजय घोष आणि त्यांच्या भारतीय-परदेशी सहकाऱ्यांनी हे शोधून काढलं. त्यांचा निबंध २०२१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला. ब्रिजमनाइट याआधी उल्काश्मात सापडलं नव्हतं असं नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये १८७९ साली पडलेल्या टेनहॅम उल्काश्मात ते होतं. पण आधीच्या नमुन्यांची रासायनिक घडण पृथ्वीच्या पोटातल्या अपेक्षित घडणीशी जुळत नव्हती. काटोलचं जुळलं: लोहही आहे, अॅल्युमिनियमही आहे, आणि प्रयोगशाळांत तीस वर्षं दाबयंत्रांखाली कृत्रिमरीत्या बनवलेल्या ब्रिजमनाइटशी त्याचा मेळ बसला.

यात आणखी एक मासला आहे. खनिजशास्त्राचा नियम असा, की एखादं खनिज निसर्गात सापडून त्याची नीट तपासणी झाल्याशिवाय त्याला अधिकृत नाव मिळत नाही. प्रयोगशाळेत बनवलेलं चालत नाही. त्यामुळे पृथ्वीवरचं सर्वांत मुबलक खनिज २०१४ सालापर्यंत बिननावाचं होतं! त्या वर्षी टेनहॅमच्या दगडावरून त्याला पर्सी ब्रिजमन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाचं नाव दिलं गेलं. प्रचंड दाबाखाली पदार्थ कसे वागतात याच्या अभ्यासासाठी ब्रिजमनला १९४६ चं नोबेल मिळालं होतं.

काटोलच्या शिरांत ब्रिजमनाइटच्या शेजारी मेजोराइट नावाचं खनिज आहे. हे गार्नेटच्या घराण्यातलं, जबर दाबाखाली बनणारं. आणि गार्नेट म्हटलं की सावनेरहून तोंड पूर्वेला वळवावं लागतं, खाप्याकडे.

खाप्याजवळच्या गुमगावला मॉयल या कंपनीची मँगनीजची खाण आहे. मँगनीजचा धोंडा उचलताना नवख्या माणसाचा हात फसतो. दिसतो त्यापेक्षा तो कितीतरी जड असतो, आणि खाली ठेवल्यावर बोटांना काळं लागलेलं असतं. पोलादाला कणखरपणा देणारं हे खनिज, आणि साध्या बॅटरीच्या सेलातली काळी पूडही मँगनीजचीच. नागपूर, भंडारा, छिंदवाडा, बालाघाट असा हा पट्टा आहे. त्यातल्या खडकांच्या समूहाला भूशास्त्रात ‘सौंसर समूह’ म्हणतात, सावनेरच्या पुढे सीमेपल्याडच्या सौंसर गावावरून. मुळात हा समुद्रतळाचा गाळ. जमिनीवर एकही झाड नव्हतं तेव्हाचा.

या पट्ट्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लुइस ली फर्मर नावाचा एक तरुण इंग्रज भूवैज्ञानिक फिरत होता. १९०२ साली तो भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात दाखल झाला आणि १९०९ साली तो भारतातल्या मँगनीजवर हजारावर पानांचा ग्रंथ छापून मोकळा झाला. गडी नावं ठेवण्यात पटाईत. नागपूर जिल्ह्यातल्या बेलडोंगरीच्या खनिजाला त्यानं आपल्या सहकाऱ्यावरून ‘व्रेडेनबर्गाइट’ म्हटलं, छिंदवाड्याकडच्या सीतापारवरून ‘सीतापाराइट’, आणि झाबुआकडच्या एका खनिजाला आपल्या साहेबावरून, म्हणजे सर्वेक्षणाचे संचालक हॉलंड यांच्यावरून, ‘हॉलंडाइट’. पुढे तपासणीच्या पद्धती सुधारल्या तेव्हा व्रेडेनबर्गाइट हे दोन खनिजांचं मिश्रण निघालं. सीतापाराइट म्हणजे अमेरिकेत आधीच सापडलेलं बिक्सबाइटच निघालं. दोन्ही नावं यादीतून गेली. साहेबाचं तेवढं टिकलं. सरकारी नोकरीत मुरलेल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही.

पण फर्मरनं दिलेलं एक नाव जगभर चालतं: गोंडाइट. गार्नेट आणि क्वार्ट्झ यांचा बनलेला मँगनीजयुक्त खडक. इथल्या गोंड लोकांवरून त्यानं हे नाव ठेवलं. आज आफ्रिकेत, ब्राझीलमध्ये असा खडक सापडला तरी भूवैज्ञानिक त्याला गोंडाइटच म्हणतात. गार्नेटनं फर्मरच्या डोक्यात घर केलं होतं. १९१३ साली त्यानं लिहिलं, की गार्नेटची घडण घट्ट असते, ते दाबाखाली तयार होतं, तेव्हा ते दाब मोजायचं साधन मानावं. आणि पृथ्वीच्या खोल भागात गार्नेटनं भरलेला एक पट्टा असावा. उल्काश्मांचा उगमही त्यानं याच कल्पनेशी जोडून पाहिला होता. तपशील पुढे पुष्कळ बदलला. पण काटोलच्या दगडात दाबाची साक्ष देणारं गार्नेटच्या घराण्यातलं खनिज निघालं, हे कळायला फर्मर हवा होता. खापा ते काटोल हे अंतर त्याच्यासाठी घोड्यावरून फार नव्हतं. वेळेचं अंतर मात्र शंभर वर्षांचं पडलं.

सावनेर माहीत असलेल्या बहुतेकांना ते कोळशामुळे माहीत असतं. सावनेर, सिलेवाडा, पाटणसावंगी, वलनी ही वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, खाणींची नावं. तिकडे खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या. वेकोलिनं आणि पर्यटन महामंडळानं मिळून सावनेरच्या भूमिगत खाणीची सहलही सुरू केली: डोक्यावर हेल्मेट, त्यावर दिवा, आणि उतरा खाली. पाटणसावंगीला तर खाणीतून उपसलेलं पाणी शुद्ध करून ‘कोल नीर’ या नावानं बाटलीत भरलं गेलं. कोळशाच्या खाणीचं पिण्याचं पाणी! प्रश्नमंजूषेत विचारला तर निम्मे लोक हा प्रश्न थट्टेचा समजतील.

हा कोळसा ज्या जंगलाचा झाला त्याचा मुख्य वृक्ष ग्लॉसोप्टेरिस. पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीचा, जिभेच्या आकाराच्या पानाचा. मध्यशीर ठळक आणि बाजूच्या शिरांची जाळी अशी, की दगडावरचा ठसा बोटानं चाचपता येतो. नागपूरला १८४५ साली आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप (ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे तेच) धर्मप्रसारातून वेळ काढून दगड फोडत. आणि वेळ बराच काढत असावेत, कारण १८५५ साली त्यांनी रॉबर्ट हंटर यांच्यासह नागपूरच्या भूशास्त्रावर लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात सविस्तर निबंध लिहिला. कामठी आणि सिलेवाड्याच्या वालुकाश्मात मिळालेली पानं त्यांनी विलायतेला पाठवली. बनबरी या अभ्यासकानं १८६१ साली त्यांचं वर्णन छापलं.

आता सिलेवाड्याहून थेट दक्षिण ध्रुव. १७ जानेवारी १९१२ रोजी कॅप्टन स्कॉट आणि चार सोबती ध्रुवावर पोचले, तर तिथे नॉर्वेच्या अमुंडसेनचा तंबू आधीच उभा. परतीच्या वाटेवर अन्न संपत आलेलं, बोटं हिमदंशानं सडलेली. अशा स्थितीत ८ फेब्रुवारीला बिअर्डमोर हिमनदीच्या काठी ते थांबले आणि डॉ. विल्सन यांनी दगड गोळा केले. पाचही जण वाटेत मेले. नोव्हेंबरमध्ये शोधपथकाला शेवटच्या तळावर तीन मृतदेह मिळाले आणि सोबत ३५ पौंड, म्हणजे जवळपास सोळा किलो दगड. ओझं कमी करायला त्यांनी पुष्कळ काही टाकलं, दगड टाकले नाहीत. केंब्रिजच्या सिवर्ड यांनी ते तपासले आणि १९१४ साली जाहीर केलं: ग्लॉसोप्टेरिस इंडिका. बर्फाच्या खंडावर भारताच्या नावाचं पान! जड बियांच्या झाडाचं हे पान भारतात, आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, दक्षिण अमेरिकेत आणि ध्रुवाजवळही सापडतं याचा सरळ अर्थ, हे सगळे भूभाग एकेकाळी जोडलेले होते. त्या महाखंडासाठी एडुआर्ड झ्यूस या ऑस्ट्रियन भूवैज्ञानिकानं १८८५ साली गोंडवनलँड हे नाव रूढ केलं. म्हणजे पुन्हा गोंडच. शाळेत हे नाव आपण आफ्रिकेच्या नकाशासोबत पाठ करतो आणि ते आपल्या शेजारच्या पाड्यावरून गेलंय हे कुणी सांगत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

हिस्लॉपचा शेवटही चटका लावणारा. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून नागपूरकडे परतताना पूर आलेल्या नाल्यात ते बुडाले.

उत्तरेला केळवदवरून सौंसर. पूर्वी या वाटेनं सातपुड्याची छोटी रेल्वे जायची. २०१५ साली ती बंद झाली आणि रुंद रूळ आले. सौंसर मध्य प्रदेशात असलं तरी बाजारात मराठी कानावर पडते. या भागात काळ्या दगडाच्या, म्हणजे लाव्हाच्या, दोन थरांमध्ये करड्या-पांढऱ्या गारेच्या चिपा मिळतात. लाव्हाचे लोंढे येत होते तेव्हा मधल्या शांततेत इथे तळी साचायची, त्यांत झाडपाला पडायचा, आणि सिलिकानं तो इतका हुबेहूब मुरवला, की साडेसहा कोटी वर्षांनंतर गारेचा पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर वनस्पतीची एकेक पेशी मोजता येते. लखनौच्या पुरावनस्पती संस्थेचे संस्थापक बिरबल साहनी यांचा हा लाडका प्रदेश. त्यांनी आणि एच. एस. राव यांनी सौंसरच्या गारेतली एक छोटीशी पाणवनस्पती वर्णिली: अझोला इंटरट्रॅपिया.

अझोला! जनावरांसाठी पन्नीचा खड्डा करून शेतकरी वाढवतात तीच. गाईला द्या, दूध वाढतं. भातखाचरात सोडा, युरिया वाचतो, असं कृषी सहायक सांगतात तीच. तिच्या पानात राहणारे निळे-हिरवे जिवाणू हवेतला नत्र बांधून तिला देतात. पिढ्यान् पिढ्या ती हे बिऱ्हाड सोबत नेते. नवी योजना म्हणून जी गावात आली, तिच्या घराण्यानं इथलं पाणी डायनोसॉरच्या काळातच पाहिलेलं होतं. त्याच भागातल्या मोहगाव कलानला नीपा नावाच्या ताडाची फळं दगड होऊन सापडली आहेत. हा ताड आज सुंदरबनातल्या खारट चिखलात वाढतो. भारताच्या मधोमध, समुद्रापासून शेकडो कोस दूर, खारफुटीचं झाड कसं? खारं पाणी तेव्हा आतवर आलेलं असावं, असं अभ्यासक यावरून म्हणतात.

दक्षिणेला जरा लांब जावं लागेल, चंद्रपूरच्या वरोऱ्याकडे. पण पिसदुऱ्याशिवाय हा लेख अपुरा राहील, कारण तिथे डायनोसॉरचं शेण सापडतं. दगड झालेलं, अर्थात. गवत ही गोष्ट डायनोसॉर संपल्यानंतरची, हा अनेक वर्षांचा समज. चित्रकारानं डायनोसॉरच्या पायाखाली गवत काढलं तर जाणकार हसायचे. २००५ साली वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याच्या शेणाचे दगड तपासले आणि त्यात गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण दाखवले. एका नव्हे, निदान पाच जातींच्या गवतांचे. हसणाऱ्यांची पंचाईत झाली. २०११ साली याच अभ्यासकांनी त्यातले काही कण भाताच्या कुळातले असल्याचं मांडलं. धानाच्या कोठारात, म्हणजे पूर्व विदर्भात, याहून शोभेल असा पुरावा कोणता?

त्याच परिसरात डोंगरगावच्या टेकडीवर लांब मानेचा एक प्रचंड डायनोसॉर मिळाला. त्याचं आजचं नाव आयसिसॉरस. यातलं ‘आयसि’ म्हणजे कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट, कारण तिथल्याच भूवैज्ञानिकांनी तो उकरला. संख्याशास्त्राच्या संस्थेच्या नावाचा डायनोसॉर दुसरा नसावा. संस्थापक महालनोबिस यांना मोजता येईल त्या प्रत्येक गोष्टीत रस होता, हाडांतही.

राहिलं आभाळ. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. नागपूरकरांनी गच्चीवरून पाहिलं: आगीचे लोळ एका ओळीत, सावकाश, आभाळ ओलांडून चाललेले. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत सुमारे दहा फूट व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं, सुदैवानं कुणाला लागलं नाही. ते चीनच्या लाँग मार्च ३ब रॉकेटचे अवशेष असावेत, असं अवकाश-अभ्यासकांनी कक्षेच्या हिशेबावरून सांगितलं. सोहळा सावकाश का चालला होता? पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू सेकंदाला आठेक किलोमीटर वेगानं आणि जवळजवळ आडवी येते. उल्केचा वेग किमान अकरा, बहुधा त्याहून बराच जास्त. म्हणून उल्का डोळ्याचं पातं लवतं तोवर संपते आणि रॉकेट आरामात जळत जातं. एवढं ध्यानात ठेवलं तर पुढच्या वेळी घरच्या पोरांना गच्चीवरूनच निदान सांगता येईल.

पुढची वेळ येणार हे नक्की. आभाळ विदर्भाला नवीन नाही. तेव्हा वाचकांना एक विनंती. शेतात, छपरावर, वाटेत काळ्या सालीचा, वजनदार, चुंबकाला ओढ घेणारा दगड अचानक दिसला तर त्याला धुऊ नका, पाण्यानं आतलं लोखंड गंजतं. फोडून वाटून घेऊ नका. हळदीकुंकू वाहू नका, शेंदूर तर नाहीच. नंतरच्या तपासणीत आधी तोच निघतो. हातमोज्यानं किंवा स्वच्छ कागदानं उचला, कोरड्या डब्यात ठेवा, पडल्याची वेळ आणि जागा लिहून ठेवा, आणि तहसील कार्यालयाला किंवा नागपुरात सेमिनरी हिल्सवर असलेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला कळवा. दगडाला तुमच्या गावाचं नाव मिळेल.